गुरांची खाद्य-उपयोगक्षमता : मुंबईचे गोठे आणि मापनाचा इतिहास

जनावराने खाल्लेल्या वैरणीच्या व आंबोणाच्या मानाने त्याच्यापासून मिळणारे मांस, दूध अथवा श्रम यांच्या मापाला त्या जनावराची खाद्य-उपयोगक्षमता म्हणतात. एकाच जातीची, सारख्या वयाची व वजनाची दोन जनावरे सारखेच उत्पादन देत असली, तरी ती सारखीच वैरण खातात असे नाही. ही गोष्ट गुरे पाळणाऱ्यांना अनुभवाने फार पूर्वीपासून ठाऊक होती. तिचे मापन करून तिची जैव कारणे शोधण्याचे कार्य मात्र गेल्या सु. दोन शतकांतील आहे. या विषयावरील बहुतेक आधुनिक संशोधन मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांवर अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांत झाले. महाराष्ट्रात हा प्रश्न मुख्यतः दुधाच्या व ओढकामाच्या जनावरांच्या संदर्भात उभा राहिला आणि तो सर्वांत तीव्रतेने मुंबई शहरात जाणवला. कारण या शहरात वैरणीची प्रत्येक पेंढी बाहेरून विकत आणावी लागे.

मुंबईतील वैरण व जनावरे : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत तीन प्रकारच्या जनावरांचा मोठा भरणा होता. ट्रामगाड्या १८७४ पासून १९०७ पर्यंत घोडे ओढीत असत, बंदरातील व गिरण्यांतील माल बैलांच्या खटाऱ्यांतून वाहिला जाई आणि वाढत्या वस्तीला दूध पुरविण्यासाठी ठिकठिकाणी म्हशींचे तबेले उभे राहिले होते. या सर्वांना लागणारे गवत मचव्यांतून व रेल्वेने येई. शिवडीजवळच्या एका धक्क्यास व त्याकडे जाणाऱ्या रस्त्यास इंग्रजीतील ‘गवत’ या अर्थाच्या शब्दावरून ‘हे बंदर’ हे नाव पडले, ते या व्यापाराचे स्मारक होय. शिवडीच्या उत्तरेस असलेला वडाळा हा भाग विसाव्या शतकाच्या आरंभी भातखाचरे व मिठागरे यांचा होता. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टने दादर, माटुंगा, वडाळा व शीव या पट्ट्यात वस्तीची आखणी केली आणि १९१५ मध्ये बॅलर्ड पिअर ते वडाळा असा पोर्ट ट्रस्टचा लोहमार्ग सुरू झाला. मोकळी जमीन जसजशी बांधकामाखाली गेली, तसतसे शहरातील जनावर गावातील जनावरापेक्षा वेगळ्या स्थितीत आले. गावातील जनावर बांधावरचे गवत, काढणीनंतरचा पाला व कडबा यांवर जगते. त्याच्या खाण्याचा पैशांत हिशेब क्वचितच केला जातो. शहरातील म्हशीच्या गवताला, सरकीला, पेंडीला आणि भुशाला बाजारभाव होता. त्यामुळे खाल्लेले किती आणि दिलेले किती, हा प्रश्न तबेल्यात रोज विचारला जाई.

या परिसरातच पशुवैद्यकाचे शिक्षणही सुरू झाले. परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय १८८३ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्याशी संलग्न असे मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये निघाले. महाविद्यालयाचा आरंभीचा भर साहजिकच रोगनिदान व उपचार यांवर होता. पशुपोषण हा स्वतंत्र शास्त्रीय विषय म्हणून नंतर विकसित झाला.

भाकड म्हशीचा हिशेब : मुंबईच्या तबेल्यांत गुजरातेतील सुरती, मेहसाणा व जाफराबादी आणि उत्तरेकडील मुऱ्हा या जातींच्या म्हशी नुकत्याच व्यालेल्या अवस्थेत आणल्या जात. म्हैस साधारणपणे दहा महिने दूध देते व त्यानंतर पुढील वेतापर्यंत काही महिने भाकड राहते. गावात हा भाकड काळ चराऊ रानावर व कडब्यावर निभावून नेता येतो. शहरात मात्र भाकड म्हशीच्या वैरणीचा खर्च दुभत्या म्हशीच्या खर्चाहून फार कमी नसे आणि तिचे उत्पन्न शून्य असे. परिणामी दूध आटलेली म्हैस खाटिकाला विकून तिच्या जागी दुसरी व्यालेली म्हैस आणणे मालकाला परवडत असे. पारडूही दुधात वाटेकरी होत असल्याने त्याची निगा घेतली जात नसे.

हा व्यवहार तबेल्याच्या मालकाच्या दृष्टीने तोट्याचा नव्हता. परंतु देशाच्या पशुधनाचे त्याने मोठे नुकसान झाले. शहरासाठी निवडली जाणारी म्हैस ही गावातील उत्तम म्हशींपैकी असे. ती एका वेतानंतर नाहीशी झाली, म्हणजे तिची पुढील वेते आणि तिची संततीही नाहीशी झाली. भारतातील शेतीविषयक शाही आयोगाने (१९२६–२८) आणि एन्‌. सी. राइट यांच्या १९३७ च्या अहवालाने भारतातील गुरांच्या व दुग्धव्यवसायाच्या स्थितीची सविस्तर तपासणी केली. आयोगाने दाखवून दिलेले दुष्टचक्र प्रसिद्ध आहे : वैरण अपुरी असली की बैल दुबळे निपजतात, बैल दुबळे असले की तेवढ्याच कामासाठी ते अधिक संख्येने पाळावे लागतात आणि संख्या वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला वैरण आणखी कमी येते. तबेल्याचा हिशेब व हे दुष्टचक्र या दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. खाद्य-उपयोगक्षमता कोणत्या कालावधीत आणि कोणत्या एककावर मोजावयाची? एका दिवसाचे दूध हे एकक धरले, तर भाकड म्हैस निरुपयोगी ठरते. संपूर्ण आयुष्यातील वेते, भाकड काळ व वाढविलेली संतती यांचा एकत्र विचार केला, तर तीच म्हैस कळपातील सर्वांत किफायतशीर ठरू शकते.

आरे दुग्धवसाहत : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरातील दूधपुरवठ्याचा प्रश्न बिकट झाला आणि शासनाने त्यात लक्ष घातले. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने गोरेगावजवळ सु. १,२८७ हेक्टर जागेवर १९४९ मध्ये आरे दुग्धवसाहत स्थापन झाली. तेथे सु. १६,००० जनावरे ठेवण्याची सोय होती. गोठे शासनाचे व म्हशी खाजगी मालकांच्या अशी व्यवस्था होती. पॅरा गवताची लागवड, स्वच्छ पाणी व पशुवैद्यकीय देखरेख यांमुळे जनावरांची स्थिती शहरातील कोंदट तबेल्यांपेक्षा पुष्कळच सुधारली. तथापि मालकाचा हिशेब पूर्वीप्रमाणेच दैनिक राहिल्याने भाकड म्हैस ठेवावी की विकावी, हा प्रश्न वसाहतीतही संपला नाही. नागरी क्षेत्रांत गुरे पाळणे व त्यांची ने-आण यांवर नियंत्रण ठेवणारा अधिनियम राज्याने १९७६ मध्ये केला. दरम्यान १९४५ पासून गुजरातेतील खेडा जिल्ह्यातून मुंबईस दूध येऊ लागले होते. दूध प्रवास करू लागले, तेव्हा म्हशीला गावातच आपल्या वैरणीजवळ राहता येणे शक्य झाले. खाद्य-उपयोगक्षमतेच्या दृष्टीने हा बदल कोणत्याही खाद्यसुधारणेइतकाच महत्त्वाचा होता.

मापनशास्त्राचा विकास : जनावराने खाल्लेल्या अन्नाचे काय होते, याचे संख्यात्मक उत्तर शोधण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न लव्हॉयझर व लाप्लास यांनी १७८२–८३ मध्ये केला. बर्फाच्या उष्णतामापकात गिनीपिग ठेवून त्याच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता त्यांनी मोजली आणि श्वसन हे एक मंद ज्वलन आहे असे दाखविले. १८३९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ बूसँगो यांनी दुभत्या गाईने खाल्लेले आणि दूध, शेण व मूत्र यांवाटे बाहेर टाकलेले नायट्रोजन यांचा ताळेबंद मांडला. जर्मनीतील व्हेंडे येथे हेनेबेर्ख व श्टोमान यांनी १८६० च्या सुमारास खाद्यविश्लेषणाची पद्धत घालून दिली. केल्नर यांनी १९०५ मध्ये निरनिराळ्या खाद्यांची किंमत स्टार्चच्या तुलनेत ठरविण्याची रीत रूढ केली, तर अमेरिकेत आर्म्‌स्बी यांनी बैल उभा राहू शकेल एवढा मोठा उष्णतामापक उभारून ऊर्जेचा हिशेब पुरा केला. क्लायबर यांनी १९३२ मध्ये असे दाखविले की, प्राण्याची विश्रांत अवस्थेतील ऊर्जेची गरज शरीराच्या वजनाच्या सम प्रमाणात नसून सु. तीन-चतुर्थांश घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वजन दुप्पट झाले तरी गरज दुप्पट होत नाही. भारतात बंगलोर व इज्जतनगर येथील संस्थांत कडबा, पेंढा, गवते व पेंडी यांची पचनीयता ठरविण्याचे काम झाले, के. सी. सेन यांनी संकलित केलेली भारतीय पशुखाद्यांच्या पोषणमूल्यांची कोष्टके दीर्घकाळ वापरात होती.

या सर्व कार्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. खाल्लेल्या अन्नापैकी काही भाग शेणावाटे जातो, काही मूत्रावाटे व पोटातील मिथेन वायूवाटे जातो (मिथेनच्या रूपाने एकूण ऊर्जेपैकी सु. २ ते १२ टक्के); काही उष्णतेच्या रूपाने जातो. उरलेल्यातून प्रथम देहनिर्वाह भागतो आणि त्यानंतर जे शिल्लक राहील त्यातूनच वाढ, दूध वा श्रम होतात. मांसासाठी पाळलेल्या गाईंच्या कळपात गाई जे खातात, त्यातील ऊर्जेपैकी सु. ७० टक्के केवळ देहनिर्वाहावर खर्च होते. तबेल्यातील भाकड म्हैस ही या देहनिर्वाहाचीच शुद्ध स्वरूपातील मूर्ती होती.

शेष खाद्यग्रहण : वजनातील वाढीच्या प्रत्येक किग्रॅ.साठी किती खाद्य लागले, हे गुणोत्तर दीर्घकाळ क्षमतेचे माप म्हणून वापरले गेले. दाणावैरणीवर पोसलेल्या मांसल गुरांत ते साधारणतः ६ ते ८ असते. कोंबड्यांत २ हून कमी व डुकरांत ३ च्या आसपास असते. गुरांचे हे माप इतके अधिक असल्याने त्यात थोडी सुधारणा झाली, तरी खर्चात मोठा फरक पडतो. परंतु या गुणोत्तरात एक दोष आहे. जलद वाढणारे जनावर गुणोत्तरात वरचढ ठरते आणि अशी निवड पिढ्यानुपिढ्या केली असता प्रौढ गाई आकाराने मोठ्या होत जातात. मोठ्या गाईला वर्षभर पोसण्याचा खर्च वाढतो आणि वासरांच्या वाढीत मिळविलेला लाभ मातांच्या पोषणात खर्ची पडतो.

अमेरिकेत आर. एम्‌. कॉक, एल्‌. ए. स्विगर, डी. चेंबर्स व के. ई. ग्रेगरी यांनी १९६३ मध्ये या अडचणीवर उपाय सुचविला. जनावराचे वजन व वाढीचा वेग यांवरून त्याने किती खावयास हवे, याचा अंदाज गणिताने काढावयाचा आणि प्रत्यक्ष खाल्लेल्या खाद्यातून तो वजा करावयाचा. जी बाकी उरते तिला शेष खाद्यग्रहण म्हणतात. उदाहरणार्थ, दोन गोऱ्ह्यांचे वजन व वाढ सारखी असून त्यांनी रोज ८ किग्रॅ. शुष्क खाद्य खाणे अपेक्षित आहे असे मानू. एकाने ७.४ किग्रॅ. खाल्ले, तर त्याची बाकी उणे ०.६ आणि दुसऱ्याने ८.५ किग्रॅ. खाल्ले, तर त्याची बाकी अधिक ०.५ येते. पहिला गोऱ्हा कार्यक्षम होय. या मापाचा जनावराच्या आकाराशी व वाढीच्या वेगाशी संबंध राहत नाही, हा त्याचा मुख्य गुण आहे. मात्र त्यासाठी प्रत्येक जनावराचे रोजचे खाणे स्वतंत्रपणे मोजावे लागते. त्यामुळे ही कल्पना तीस वर्षे बव्हंशी कागदावरच राहिली. कानातील बिल्ल्यावरून जनावर ओळखून त्याचे खाणे आपोआप तोलणाऱ्या इलेक्ट्रॉनीय गव्हाणी उपलब्ध झाल्यावर ती व्यवहारात आली. अशी चाचणी साधारणतः ७० दिवस चालते.

या गुणाची अनुवंशक्षमता, म्हणजे जनावराजनावरांतील एकूण फरकापैकी संततीत उतरू शकणारा भाग, बहुतेक चाचण्यांत ०.३ ते ०.४ च्या दरम्यान आढळला आहे. ऑस्ट्रेलियातील ट्रँगी येथे १९९३ पासून अँगस जातीच्या गुरांत कमी व अधिक बाकीच्या दोन शाखा निवडीने वेगळ्या करण्यात आल्या. दोन पिढ्यांहूनही कमी अवधीत कमी बाकीच्या शाखेतील वासरे रोज सु. ९.४ किग्रॅ., तर अधिक बाकीच्या शाखेतील वासरे सु. १०.६ किग्रॅ. खाद्य खाऊ लागली. दोहोंच्या वर्षाच्या वजनात मात्र उल्लेखनीय फरक नव्हता.

जैव कारणे : हा फरक शरीरात कोठे निर्माण होतो याचा अभ्यास रिचर्डसन व हर्ड यांनी ऑस्ट्रेलियात केला. त्यांनी २००४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार फरकाचा सु. ३७ टक्के भाग प्रथिनांची सतत होणारी घडमोड, ऊतकांतील (शरीरातील समान कोशिकांच्या समूहांतील) चयापचय व ताण यांचा, सु. १० टक्के पचनीयतेचा, सु. १० टक्के हालचालीचा, सु. ९ टक्के खाल्ल्यानंतर वाढणाऱ्या उष्णतेचा, सु. ५ टक्के शरीरातील मेद व मांस यांच्या प्रमाणाचा आणि सु. २ टक्के खाण्याच्या सवयींचा आहे. उरलेला सु. २७ टक्के भाग इतर कारणांचा असून त्यांपैकी बहुतेकांचा उलगडा झालेला नाही. यावरून दिसते की, कार्यक्षम जनावर म्हणजे केवळ चांगले पचविणारे जनावर नव्हे. त्याचा मोठा वाटा शरीराच्या अंतर्गत डागडुजीवर कमी ऊर्जा खर्च करण्यात आहे. आतडी व यकृत यांचे वजन शरीराच्या मानाने थोडे असले, तरी त्यांचा ऊर्जाव्यय पुष्कळ असतो. कमी खाणाऱ्या जनावरात मिथेनही कमी तयार होतो.

तथापि या गुणालाही मर्यादा आहेत. कमी बाकीची जनावरे किंचित कृश असण्याकडे कल असतो आणि अशा शाखेतील गाई थोड्या उशिरा विण्याची प्रवृत्ती काही चाचण्यांत दिसून आली आहे. दुसरी गोष्ट अशी की, उपासमारीतून आलेले जनावर पोटभर वैरण मिळताच वेगाने वाढते आणि तेवढ्या काळापुरते अतिशय कार्यक्षम भासते. पावसाळ्याच्या आरंभी आपल्याकडील गुरांत हा प्रकार नेहमी दिसतो. तो जातिवंतपणाचा पुरावा नव्हे. शिवाय दाण्यावर मोजलेला क्षमतेचा क्रम चाऱ्यावर मोजल्यास जसाच्या तसा टिकत नाही.

भारतीय गुरे व परदेश : वशिंड असलेल्या भारतीय गुरांची देहनिर्वाहाची गरज ब्रिटिश जातींच्या मानाने सु. १० टक्के कमी आहे, तर दुधाळ यूरोपीय जातींची ती सु. २० टक्के अधिक आहे, असे अमेरिकेतील पशुपोषणविषयक प्रमाणभूत कोष्टकांत धरलेले आहे. ऑस्ट्रेलियातील रॉकहॅम्प्टन येथे फ्रिश व व्हर्को यांनी १९७० नंतरच्या दशकात केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, भरपूर खाद्य असून ऊन, गोचिडी व जंत यांचा त्रास नसेल, तर ब्रिटिश जातींची गुरे अधिक वाढतात. परंतु हा त्रास असेल व खाद्य निकृष्ट असेल, तर भारतीय रक्ताची गुरे सरस ठरतात. ज्या गुणांमुळे कमी अन्नात तग धरता येतो, तेच गुण समृद्धीत वाढीला मर्यादा घालतात. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत भारतातून नेलेल्या ओंगोल, गीर व कांक्रेज या जातींच्या गुरांपासून ब्राझीलमध्ये नेलोर, गीर व गुझेरा हे कळप तयार झाले आणि अमेरिकेत ब्राह्मन जात निर्माण झाली. मांसोत्पादनासाठी भारतीय गुरांच्या खाद्य-उपयोगक्षमतेची पद्धतशीर निवड झाली, ती अशा रीतीने मुख्यत्वे भारताबाहेर.

महाराष्ट्रातील महत्त्व : महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणिरक्षणविषयक अधिनियमाने गाईंच्या व २०१५ च्या सुधारणेने बैल व वळूंच्याही कत्तलीस बंदी आहे. त्यामुळे गाईबैलांच्या बाबतीत मांसवाढ हे येथे निवडीचे एकक होऊ शकत नाही. जनावराला आयुष्यभर पोसण्याचा खर्च हेच खरे एकक ठरते. खिलार बैलाची चपळ ओढ, डांगी गुरांचे अतिवृष्टीच्या भातशेतीत टिकून राहणे, गवळाऊ, देवणी व लाल कंधारी यांची आपापल्या मुलखातील वैरणीवरील गुजराण आणि पंढरपुरी म्हशीचे कमी आकारमानात मिळणारे दूध, हे सर्व खाद्य-उपयोगक्षमतेचेच निरनिराळे आविष्कार होत. १९६७ पासून उरुळी कांचन येथील संस्थेने व शासनाने संकराचा प्रसार केल्यावर दुधाचे प्रमाण वाढले; त्याबरोबरच प्रत्येक जनावराची निर्वाहाची गरजही वाढली. १९७२–७३ सारख्या दुष्काळात, जेव्हा कडबा दुर्मिळ होतो, तेव्हा या गरजेतील फरक जनावर दावणीला राहणार की बाजारात जाणार हे ठरवितो.

कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्धशाळा संशोधन संस्थेत साहिवाल व मुऱ्हा जातींच्या वाढत्या जनावरांवर शेष खाद्यग्रहणाच्या चाचण्या झाल्या असून त्यांत एकाच जातीच्या जनावरांमध्ये परदेशी गुरांप्रमाणेच स्पष्ट फरक आढळले आहेत. महाराष्ट्रातील जातींच्या बाबतीत अशा चाचण्या दाण्यावर न घेता कडबा, पेंढा व गवत यांवर घेणे आणि वळूची निवड करताना त्याच्या मातेची वेते, भाकड काळ व आयुर्मान यांची नोंद त्यांच्याशी जोडणे आवश्यक आहे. मुंबईच्या तबेल्यांनी जनावरांच्या खाण्याचा हिशेब अत्यंत काटेकोरपणे ठेवला होता. परंतु तो एका वेतापुरता होता. त्या मर्यादेमुळे हिशेबात फायदेशीर ठरलेली अनेक उत्तम जनावरे संतती न ठेवता नष्ट झाली. नवीन मापनपद्धती अवलंबिताना ही चूक टाळावयाची असेल, तर ७० दिवसांच्या चाचणीचा निष्कर्ष जनावराच्या संपूर्ण आयुष्याच्या नोंदीशी पडताळून पाहिल्याविना निवडीसाठी वापरू नये.